चाळीस टन, एक अंडं

देओलिंदाच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे,
मासळीबाजाराच्या ओल्या पायरीची कृपा,
आणि मी ओट्यापाशी उभा आहे
एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच,
हातात अंडं घेऊन.

"असाच धरून बसलास तर पिल्लू निघेल,"
ती स्टुलावरून म्हणते.
"फोड."

एकतीस वर्षं मी सेतूबालच्या धक्क्यावर क्रेन चालवली.
चाळीस टनांचा कंटेनर
जहाजाच्या पोटातून काढून
ट्रकच्या पाठीवर असा ठेवायचो
की ड्रायव्हरच्या पेल्यातली कॉफी हलायची नाही.
मी नाही, ड्रायव्हरच सांगायचे हे.
पगार त्याचाच होता.

पहिलं अंडं मेजावर फुटलं,
कडेवरून ओघळलं, माझ्या चपलेत गेलं.
देओलिंदा काही बोलली नाही.
बेचाळीस वर्षांत
तिचं काही न बोलणं मला तोंडपाठ झालंय.

दुसरं बशीत उतरलं, टरफलासकट.
तुकडा बोटानं धरायला जावं तर निसटतो.
"टरफलानंच काढ टरफल."
काट्यानं काटा काढतात, ते ठाऊक होतं.
हे नव्हतं.

मग ती बसल्या जागेवरून हुकूम सोडत गेली.
फेट, पण त्यांच्यावर राग काढू नकोस.
कालचा उकडलेला बटाटा आहे, तो घे.
खिडकीत अर्धा कांदा आहे.
कोथिंबीर बाल्कनीतल्या बादलीत,
फुलावर आलेली नको, बाजूची.
आणि चीजचा तो तुकडा, सुकलेला, हो, तोच.
कड काप. अरे, सगळं नको कापूस, आंसेल्मु.

एवढंच?
दुसरी पाळी संपवून साडेअकराला मी यायचो,
जिन्यातच चावी काढून ठेवायचो, मुलं जागी होऊ नयेत म्हणून,
आणि ताटलीवर ताटली उपडी घालून
जे झाकून ठेवलेलं असायचं,
ज्याला मी मनात मेजवानी म्हणायचो,
मोठ्यानं कधीच म्हणालो नाही,
ते हे होतं? उरलंसुरलं?

"मग महिनाअखेरीला
काय असेल असं वाटलं होतं तुला?"

तेलात कांदा गेला, मग बटाटा.
वरून अंडं ओतलं तसा तवा चरचरला,
कडा फुगल्या, जाळी पडली.
माझा हात लगेच उलथन्याकडे.

"थांब आता."

थांबणं येतं मला.
वारा सुटला की क्रेन थांबवतात.
वर काचेच्या खोक्यात बसून
मी नदीचं मुख बघत राहायचो,
कधी डॉल्फिनची पाठ दिसायची,
खाली सगळे घड्याळ बघून शिव्या घालायचे.
घाई केली की वजन झुलतं.
झुललं की गेलं.

"हं. घाल घडी."

उलथनं खाली सरकवलं
आणि मनगटाला आपसूक आठवलं:
आधी जोखायचं.
वीतभर उचलून थांबायचं, झुलतंय का बघायचं,
मग न्यायचं,
आणि उतरवताना शेवटचं बोटभर अंतर
सगळ्यात हळू.

अर्धं अर्ध्यावर टेकलं.
आवाज नाही.

वळून पाहिलं तर ती माझ्या हाताकडे बघत होती.
माझं काम तिनं कधी पाहिलंच नव्हतं,
धक्क्याच्या फाटकातून आत सोडत नसत.
तिचं मीही पाहिलं नव्हतं,
आणि या दाराला तर फाटक नव्हतं.

पावाच्या तुकड्यानं, डाव्या हातानं,
हनुवटीवर सांडत ती खाऊ लागली.
मी उभाच.
दुसरा घास. तिसरा.

"मीठ," ती म्हणाली.

राहिलंच होतं.
तिनंही मुद्दाम सांगितलं नसावं,
असा माझा संशय आहे.

प्लास्टर अजून पाच आठवडे.
अंडी चार उरलीत.